कोणतं पुस्तक घेऊ, सर?



या व्याख्यानमालेत मी एरवी तत्त्वज्ञानाच्या इतिहासावर बोलतो. आजचा विषय तुम्हाला जरा वेगळा वाटेल. कमी खर्चात डिजिटल चित्रपट करायचा असेल, तर तो शिकवणारं पुस्तक निवडायचं कसं? तुम्ही म्हणाल, या माणसाचा चित्रपटाशी काय संबंध? मी आयुष्यात एकही चित्रपट केलेला नाही. पण पुस्तक निवडून देण्याचं काम मी चाळीस वर्षं केलं, आणि त्यात एकदा माझी मोठी चूक झाली. आज बोलायला उभा आहे तो त्या चुकीमुळे.

२००३ सालची गोष्ट. एम.ए.च्या वर्गातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. गावी तिची आजी होती. तिला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत होत्या. आजी दळताना, गाताना तिला चित्रीकरण करायचं होतं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या शेजाऱ्यानं छोटा डिजिटल कॅमेरा दोन दिवसांसाठी देऊ केला होता. तिनं विचारलं, "सर, आधी कोणतं पुस्तक वाचू?" मी प्राध्यापक! मी म्हणालो, आधी पाया पक्का कर. ग्रंथालयातून एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ काढून तिच्या हातात दिला. तिनं तो इमानदारीनं वाचला. आठ महिने. टिपणं काढून. निगेटिव्ह कशी धुतात, फिल्मची संवेदनशीलता कशी मोजतात, सगळं. त्यातलं निम्मं तिच्या हातात येणाऱ्या कॅमेऱ्याला लागूच नव्हतं. आणि त्या उन्हाळ्यात आजी गेली. आज त्या मुलीकडे दोनशे पानी वही आहे. आजीचा आवाज नाही.

तिनं मला कधी दोष दिला नाही. पण गेल्या महिन्यात तिचा फोन आला. आता तिची मुलगी अकरावीत आहे. गावात घोंगड्या विणणारं एकच घर उरलंय, विणणारे आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत, आणि मुलीला मोबाईलवर त्यांच्यावर छोटी फिल्म करायची आहे. "कोणतं पुस्तक घेऊ, सर?" तोच प्रश्न. या वेळी उत्तर देण्याआधी मी इतिहास पाहायचं ठरवलं. कारण पुस्तक वाचून चित्रपट शिकलेला एक माणूस आपल्याच मातीत होऊन गेला आहे.

तुम्ही ओळखलंच असेल. दादासाहेब फाळके. मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि झपाटले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. त्यांनी पुस्तकं मागवली. त्यांतलं एक होतं इंग्लंडच्या सेसिल हेपवर्थचं, सिनेमॅटोग्राफची बाराखडी शिकवणारं. ते प्रथम निघालं १८९७ साली. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून पहिला खेळ केला तो २८ डिसेंबर १८९५ रोजी, आणि मुंबईत वॉटसन हॉटेलात त्यांची चित्रं दिसली ती जुलै १८९६ मध्ये. म्हणजे ही कला जेमतेम दोन वर्षांची असताना तिची बाराखडी छापून तयार होती!

आता विचार करा, १८९७ च्या पुस्तकात काय असू शकतं? यंत्र कसं चालतं, फिल्म कशी धुवायची, पडद्यावर कशी दाखवायची. गोष्ट कशी सांगायची, एका दृश्याला दुसरं दृश्य कसं जोडायचं, हे असणं शक्यच नव्हतं. कारण ते तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. खुद्द हेपवर्थला ते उमगलं नंतर, काम करता करता. १९०५ मध्ये त्याच्या संस्थेनं 'रेस्क्यूड बाय रोव्हर' हा काही मिनिटांचा चित्रपट काढला. हरवलेलं बाळ कुत्रा शोधून आणतो, एवढीच गोष्ट. बाळ हेपवर्थचं, आईच्या भूमिकेत त्याची पत्नी, पटकथाही तिचीच, आणि कुत्रा घरचा. खर्च आठ पौंडांच्या आत. पण कुत्रा रस्त्यानं धावतो, नदी ओलांडतो, जिना चढतो, ती दृश्यं अशी जोडली आहेत की प्रेक्षक कुठंही गोंधळत नाही. चित्रपट इतका चालला की प्रती काढून काढून निगेटिव्ह झिजली आणि तो पुन्हा चित्रित करावा लागला. बाराखडी लिहिणाऱ्यालासुद्धा वाक्य लिहायला आठ वर्षं लागली, आणि ते त्याला कुत्र्यामागे धावताना आलं.

फाळके या पुस्तकाशी कसे वागले? ते वाचून थांबले नाहीत. फेब्रुवारी १९१२ मध्ये, विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे करून, ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले. त्यानं आधी परावृत्त करून पाहिलं, मग मदत केली आणि त्यांची गाठ हेपवर्थशी घालून दिली. म्हणजे हा मनुष्य पुस्तकाच्या लेखकाच्या कारखान्यात जाऊन उभा राहिला! विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र घेऊन ते परतले.

आणि परतल्यावर? लगेच हरिश्चंद्र नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवून महिनाभर, थोड्या थोड्या अंतरानं, एकेक चित्र घेतलं. पडद्यावर मिनिटभरात बी रुजतं, कोंब वर येतो, वेल चढते. हीच 'अंकुराची वाढ'. याच फिल्मच्या जोरावर त्यांनी भांडवल उभं केलं. नट नाही, पोशाख नाही, देखावा नाही. एक कुंडी. पण कॅमेरा स्थिर राहतो का, उजेड सांभाळता येतो का, फिल्म नीट धुतली जाते का, ही सगळी परीक्षा त्या वाटाण्यात झाली.

मग घरच कारखाना झालं. सरस्वतीबाईंनी कोऱ्या फिल्मला छिद्रं पाडली, रसायनं कालवली, उजेड परतवायला उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहिल्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. रोहिदासाचं काम मुलगा भालचंद्रनं केलं. तारामतीसाठी स्त्री मिळेना, तेव्हा एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. यातलं छिद्रं पाडण्याचं तंत्र पुस्तकात असेल. पण सरस्वतीबाई कुठल्या पुस्तकात होत्या?

इथं माझा विषय डोकावल्याशिवाय राहत नाही. गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९४९ मध्ये एक भेद मांडला. एखादी गोष्ट अशी अशी आहे, हे माहीत असणं वेगळं आणि ती गोष्ट करता येणं वेगळं. पाककृती तोंडपाठ असलेल्याला स्वयंपाक येतोच असं नाही, आणि उत्तम स्वयंपाक करणाऱ्या बाईला कृती सांगता येईलच असंही नाही. राईलचं म्हणणं, करणं आधी येतं आणि त्याचे नियम मागाहून लिहिले जातात. मग पुस्तकं निरुपयोगी का? मुळीच नाही. फाळक्यांना पुस्तक उपयोगी पडलंच. पण पुस्तक कामी येतं ते हात आधी कामाला लागलेले असले तर. मी माझ्या विद्यार्थिनीला उलटा क्रम सांगितला होता. हा भेद वर्गात शिकवणाऱ्या माणसानं, हे विशेष.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. १९८८ मध्ये अमेरिकेत रिक श्मिट यानं पुस्तक काढलं, जुन्या मोटारीच्या किमतीत पूर्ण लांबीचा चित्रपट कसा करावा. १९९२ मध्ये रॉबर्ट रॉड्रिगेझनं सुमारे ७,००० डॉलरमध्ये 'एल मारियाची' केला आणि १९९५ मध्ये त्याची रोजनिशी पुस्तकरूपानं आली. तेव्हा तो फिल्मवरच चित्रण करत होता, तरी डिजिटल पिढीनं ते पुस्तक डोक्यावर घेतलं. कारण त्याची एक युक्ती. गोष्ट लिहून मग सामान शोधायचं नाही. आपल्याजवळ काय काय आहे त्याची यादी करायची आणि त्यातून गोष्ट लिहायची. त्याच्याजवळ सरहद्दीवरचं गाव होतं, गिटारची पेटी होती, कासव होतं. पण एक सावधगिरी. ७,००० हा आकडा चित्रण करून कच्चा चित्रपट तयार होईपर्यंतचा. थिएटरात लागण्याआधी ध्वनी आणि प्रतींवर स्टुडिओनं त्याच्या कितीतरी पट खर्च केला. आकडा सांगणारं पुस्तक त्या आकड्यात काय धरलं नाही तेही सांगतं का, हे बघायला हवं.

१९९५ मध्येच डीव्ही प्रकारचे छोटे कॅमेरे बाजारात आले, आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लार्स फॉन ट्रायर व थॉमस विंटरबर्ग यांनी 'डॉग्मे ९५'चे दहा नियम जाहीर केले. कॅमेरा हातात धरा, बाहेरून सामान आणू नका, वेगळी प्रकाशयोजना नको, आवाज दृश्याबरोबरच घ्या. नियमांत एक ३५ मिलिमीटर फिल्मचाही होता. तरी विंटरबर्गनं 'फेस्टेन' घरगुती वापराच्या हँडीकॅमवर केला आणि १९९८ मध्ये कानला ज्युरी पारितोषिक मिळवलं. कॅमेरा साधा, पण काय करायचं नाही हे आधीच ठरलेलं. कमी पैशात काम करणाऱ्याला या 'नाही'ची मदत फार होते.

आणि आपलं मालेगाव? व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 'शोले'ची मालेगावी आवृत्ती काढली, पुढे सुपरमॅनही उडवला. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटात ते सगळं दिसतं. कॅमेरा पुढं सरकवायला गाडी नाही, तर सायकल. त्यांचं पुस्तक म्हणजे पार्लरमध्ये पुन्हापुन्हा पाहिलेले चित्रपट.

तर मग पुस्तकाच्या दुकानात उभं राहून काय बघायचं? मी चार प्रश्न काढलेत.

पहिला: पुस्तकातली यंत्रांची नावं पुसून टाकली तर मागे काय उरतं? जोसेफ मॅसेली यांचं छायाचित्रणाच्या पाच अंगांवरचं पुस्तक १९६५ सालचं आहे. कॅमेऱ्याचा कोन, सलगता, जोडणी, समीपदृश्य, रचना. यंत्रं बदलली, पण समीपदृश्य कधी घ्यावं हा प्रश्न मोबाईलवरही तोच आहे. उलट दहा वर्षांपूर्वीचं, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलं बटण दाबा सांगणारं पुस्तक आज रद्दीत जाईल.

दुसरा: पुस्तक 'हे विकत घ्या' म्हणून सुरू होतं की 'तुमच्याजवळ काय आहे' म्हणून?

तिसरा: आवाजाला किती पानं दिली आहेत? नवखा माणूस चित्रावर जीव टाकतो आणि आवाज कॅमेऱ्यावर सोडतो. थोडं अंधारलेलं चित्र प्रेक्षक चालवून घेतो. बोलणं ऐकू आलं नाही तर उठून जातो. माईक बोलणाऱ्याच्या जवळ हवा, ही पहिली गोष्ट, आणि तिला खर्च फारसा नाही.

चौथा: पहिल्या वीस पानांत पुस्तक खाली ठेवून करायला लावणारं एखादं काम आहे का? म्हणजे वाटाणा आहे का?

मोठे संदर्भग्रंथही हवेत. ॲशर आणि पिंकस यांचं हँडबुक १९८४ साली फिल्मसाठी निघालं आणि १९९९ मध्ये डिजिटल युगासाठी नव्यानं बेतलं गेलं. उत्तम ग्रंथ आहे. पण तो शब्दकोशासारखा वापरायचा. शब्दकोश पहिल्या पानापासून वाचून कुणी बोलायला शिकत नाही. अडलं की उघडायचा.

हे सगळं त्या मुलीला सांगितलं का? नाही सांगितलं. फोनवर एवढंच म्हणालो: रविवारी त्या आजोबांकडे जा. आधी तासभर नुसती बस, त्यांचा हात बघ. त्यांची परवानगी विचार. मग मोबाईल स्थिर ठेवून दोनच मिनिटं चित्रण कर. माग चालताना आणि ते बोलताना. घरी येऊन बघ. पुस्तकाचं आपण सोमवारी बोलू.

सोमवारी सकाळी फोन आला. आधी आईचा, मग तिनं तो मुलीकडे दिला. "सर, आजोबा इतकं छान सांगत होते, पण मागे पंख्याचाच आवाज येतोय. आणि मागाच्या खटक्यात त्यांचे शब्द बुडतायत. काय करायचं?"

मी म्हटलं, बाळ, आता पुस्तक घे. आवाजाचं प्रकरण आधी उघड. आणि वाचून होईपर्यंत थांबू नकोस, येत्या रविवारी पंखा बंद करून पुन्हा जा.