बुडालेल्या जोत्यांचं माप

पाण्याची पातळी फोटोवरून काढायची, तर चौकटीत माहीत मापाची एखादी वस्तू लागते. मुळशीच्या जलाशयाला ते माप बुडालेल्या गावांनीच दिलं. मे महिन्यात पाणी उतरलं की जुनी जोती उघडी पडतात. मी दरवर्षी एकाच टेकाडावरून फोटो काढतो. घडीव दगडांचे किती थर वर आले, त्यावरून पाणी किती हात उतरलं ते कळतं. मुळा-निळा नद्यांचं हे पाणी टाटांनी धरण बांधून घाटाखाली भिऱ्याच्या वीजघराकडे वळवलं. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह मांडला, सेनापती बापट त्याचे पुढारी झाले, तो याच बुडणाऱ्या जमिनींसाठी. धरणाच्या वहीत पातळी मिळते. कुणाच्या घराचा उंबरा कुठल्या पातळीला बुडतो, हे मात्र या थरांतूनच काढावं लागतं. म्हणून प्रत्येक फोटोमागे मी तारीख आणि घराण्याचं नाव लिहितो.