साहेब, साचा आणि मधला जॉबर

मुंबईच्या गिरणीत नोकरी हवी असेल तर मॅनेजरच्या कचेरीत जाऊन उपयोग नसे. गिरणीच्या दाराशी उभं राहायचं आणि जॉबरची मर्जी सांभाळायची. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापली. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि मालक-कामगारांमधलं बहुतेक बोलणं या मधल्या माणसाच्या तोंडून होऊ लागलं.

वरचे साहेब बरेचदा लँकेशायरहून आलेले किंवा पारशी. साच्यावर उभे राहणारे मुख्यतः रत्नागिरी-साताऱ्याकडचे. साहेबांनी हुकूम जॉबरला द्यायचा, त्याने तो खात्यात पोचवायचा. भरती, रजा, शिस्त सगळं त्याच्या हाती. बायकांच्या खात्यात हेच अधिकार नायकिणीकडे. कामावर घेण्यासाठी दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. अडीनडीला उसने पैसे आणि चाळीतली खोलीही अनेकदा जॉबरच्याच ओळखीने मिळे. अशा माणसाविरुद्धची तक्रार त्याच्याच मार्फत वर कशी जाणार?

नारायण मेघाजी लोखंडे यांनी तक्रार वर नेण्याची ही वाटच बदलली. त्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती आणि ‘दीनबंधु’ पत्र ते चालवत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, अपघात झाल्यास भरपाई. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले, तिथे स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

कामगारांचं थेट ऐकून घेण्याचा हा धडा मालकांनी गिरवला नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात खर्च कमी करण्यासाठी एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, अशी योजना काही गिरण्यांत पुढे आली. तीन मागांवर उभं राहणाऱ्याच्या अंगावर किती भार पडेल आणि उरलेल्यांच्या नोकरीचं काय होईल, या प्रश्नांचं पटेल असं उत्तर कामगारांना मिळालं नाही. पगारकपातीची भीती होतीच. यातूनच पेटलेला १९२८ चा सार्वत्रिक संप सहा महिने चालला.

१९३१ साली कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले आयोगाने दुखण्यावर बोट ठेवलं. भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावा, त्याने थेट मुख्य मॅनेजरला जबाबदार असावं आणि त्याला कामगारांची भाषा यावी, असं आयोगाने सुचवलं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी मालक-कामगारांच्या संयुक्त समितीची तरतूद झाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं.

तरीही मुंबईच्या गिरण्यांत मधला माणूस राहिलाच, फक्त त्याचं रूप पालटलं. मुंबईच्या औद्योगिक संबंधांवरील १९४६ च्या कायद्यानुसार वाटाघाटींचा हक्क फक्त मान्यताप्राप्त युनियनकडे गेला. त्या युनियनवरचा विश्वास उडालेले सुमारे अडीच लाख कामगार १८ जानेवारी १९८२ पासून कामगारनेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. बोलणी कोणाशी करायची, हाच वादाचा मुद्दा होऊन बसला.

गिरण्यांत हुकूम खाली पोचवायला माणसांची कधीच वाण नव्हती. खालचं म्हणणं न गाळता वर नेणारी वाट मात्र कामगारांना प्रत्येक वेळी स्वतःच काढावी लागली. ती बांधणं हे मॅनेजरचं पहिलं काम होतं आणि मुंबईच्या गिरण्यांत ते झालं नाही.