हुंडेभाडं आणि छोटा हत्ती



गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या नणंदेचा अंकुशनगरहून फोन आला. नंदोई कारखान्यातून निवृत्त होताहेत. क्वार्टर रिकामी करायची आणि चातुर्मास संपला की मुलाकडे संभाजीनगरला जायचं, असं ठरलंय. तिने तीन ठिकाणी भाव विचारले होते. एकाने साडेनऊ हजार सांगितले, "सगळं धरून". दुसरा म्हणाला, गाडीचे सहा हजार, बाकी तुमचं तुम्ही बघा. तिसऱ्याने हमालांची रोजंदारी वेगळी, डिझेल वेगळं, असं काहीतरी सांगितलं. "वहिनी, तुम्ही बी.कॉम. झालेल्या, तुम्हीच सांगा. सहावालाच स्वस्त ना?"

मी म्हटलं, थांब. आणि "सगळं धरून" या दोन शब्दांवरून मला आमच्या घरातली एक जुनी वही आठवली.

आजेसासऱ्यांचं अंबडला दुकान होतं. त्यांच्या वह्या महाजनी अक्षरांत. ती अक्षरं मला आजही लागत नाहीत, पण मी नवी सून म्हणून आले तेव्हा सासरे कधीकधी वाचून दाखवायचे. संवत २००१, मगसर सुद पाचच्या पानावर एक नोंद होती : जालन्याहून अंबड, गाड्या दोन, घरसामान, हुंडेभाडे. पुढे रक्कम, हालीत. म्हणजे १९४४ साल, निजामाचं राज्य. तेव्हा आपल्याकडे निजामाचा हाली शिक्का चालायचा आणि इंग्रजांचा रुपया म्हणजे कलदार. साधारण सात हालीला सहा कलदार मिळायचे. दोन मुलखांत व्यापार करणाऱ्याला भाडं ठरवतानाच विचारावं लागे की बाबा, हाली की कलदार?

मला कुतूहल वाटलं ते हुंडेभाडे या शब्दाचं. लग्नातल्या हुंड्याशी त्याचा संबंध नाही. ही फार जुनी व्यापारी पद्धत. माल पोचवणारा एकच ठोक रक्कम घ्यायचा आणि तिच्यात गाडीभाडं, वाटेतली सगळी जकात, नाक्यांवरचं देणं, हे सगळं त्याच्या अंगावर असायचं. मालकाने घरी बसायचं, माल पोचला की पैसे द्यायचे. असं काम करणारा तो हुंडेकरी. हे आडनाव नगर-सोलापूरकडे अजून भेटतं, आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या ठेकेदारांनाही हुंडेकरीच म्हणतात. आपल्या व्यापारी मंडळींकडे याचीच भावंड शोभेल अशी जोखमी हुंडी होती. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यायचे, वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. कॉलेजात आम्हाला विमा शिकवताना मास्तरांनी इंग्लंडच्या कॉफीहाऊसपासून सुरुवात केली होती. जोखमी हुंडीचं नाव मात्र एका ओळीत आटोपलं. असो.

तर १९४४च्या त्या नोंदीत माझ्या आजेसासूबाईंचा संसार दोन बैलगाड्यांत मावला होता. मगसर महिना निवडला, त्यालाही कारण होतं. आषाढी चौदस ते कार्तिकी पौर्णिमा साधू-साध्वी विहार करत नाहीत, पायाखाली जीव येऊ नयेत म्हणून. गृहस्थांना ते बंधन नव्हतं, पण आपली काळी माती तेच सांगायची. पावसाळ्यात चाक रुतलं की चार बैल जोडूनही निघायचं नाही. म्हणून बिऱ्हाड हलवायचं ते रस्ते वाळल्यावर. त्याही आधी चाकाची गाडी जाईल असे रस्तेच थोडे होते. तेव्हा बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ सगळ्या दख्खनभर फिरवायचे. १९००च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे जालन्यावरून धावू लागली आणि तांड्यांचा लांबचा धंदा बसला. बैलगाडीचा मात्र वाढला, कारण स्टेशनपासून पुढे गावोगाव माल न्यायचा तर तीच.

आता अंकुशनगरचं. ज्या मैत्रिणी तिथे आल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ, सोलापूर-धुळे महामार्गाच्या अंगाला समर्थ सहकारी साखर कारखाना आहे. अंकुशराव टोपे यांनी तो उभारला, वसाहतीला नावही त्यांचंच. कारखाना आला कारण ऊस आला, आणि ऊस आला कारण जायकवाडीचं पाणी आलं. धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींनी केली, २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. डावा कालवा २०८ किलोमीटरचा, तो आपल्या भागातून परभणीकडे जातो.

त्या पाण्यापायी पैठण, गंगापूर, नेवासे, शेवगाव तालुक्यांतल्या गावांना उठावं लागलं. माळवदाची घरं लोकांनी हाताने उतरवली. घर खणांत मोजायचं, तुळया मोजून काढायच्या, चौकट सुटी करायची आणि गाडीत घालायची. माती तेवढी मागे राहायची. राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६चा, म्हणजे लोकार्पणाच्याच वर्षीचा. ज्यांची चूल आधीच उठली होती त्यांना कायद्याने उशीरच केला. ज्या पाण्याने आमचं दुकान चाललं त्याचा हा मागचा हिशेब मला फार उशिरा कळला.

आम्ही १९८९ साली अंकुशनगरला दुकान टाकलं. तिथे तीस वर्षं राहून मी एक पाहिलं : दरवर्षी हजारो बिऱ्हाडं एका हंगामात हलताना जर कुठे बघायची असतील तर ती साखर कारखान्यावर. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीची माणसं यायची. मुकादमाने उन्हाळ्या-पावसाळ्यात उचल दिलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. गाडी सेंटरवाले स्वतःच्या बैलांनी ऊस ओढणार, डोकी सेंटरवाले मोळी डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये भरणार. ट्रकमधून उतरलं की पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, दोन घागरी, कोंबड्या, म्हातारी सासू, लेकरं. दोन तासांत पाचटाची कोपी उभी. आमच्या शेल्फभर डब्यांकडे बघून मला त्या दिवसांत फार ओशाळं व्हायचं. अपरिग्रहावर व्याख्यानं ऐकायची आपण, आणि तो जगायचा त्यांनी, तोही नाइलाजाने.

या हंगामाचा आपल्या विषयाशी रोकडा संबंध आहे. चातुर्मास संपतो तेव्हाच गळीत सुरू होतं, आणि आसपासची बहुतेक वाहनं उसाला लागतात. ट्रॅक्टर, ट्रक, ड्रायव्हर, सगळे अडकलेले. मग मोकळी गाडी जालन्याहून किंवा संभाजीनगरहून बोलवावी लागते, आणि तिची रिकामी फेरी आपल्या बिलात येते. नणंदेला मी पहिलं हेच विचारलं : गाडी कुठली? सहा हजारवाल्याची गाडी संभाजीनगरची होती. रिकामं येण्याचं भाडं त्यात धरलंय की नाही, हे तिने विचारलंच नव्हतं.

२०१९ला आम्ही दुकान आवरून जालन्याला मुलाच्या फ्लॅटवर आलो. तेव्हाची माझी चूक सांगते. आधी वाटलं, दोन छोटे हत्ती केले की झालं. २००५ला टाटांनी ती एस गाडी काढली, लोकांनी तिला छोटा हत्ती म्हणायला सुरुवात केली आणि बिऱ्हाडं हलवण्याचं कामच बदललं. गल्लीत शिरते, पाऊण टन सामान घेते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखी भांडी आपटत नाही. पण मुलगा म्हणाला, पॅकिंगवालेच बोलवू. फोनवर साडेआठ हजार ठरले. कागद नाही. जालन्यात उतरवताना कळलं की दुसऱ्या मजल्याचे पैसे "त्यात नव्हते". सागवानी कपाट जिन्याच्या वळणावर उभं, खाली गाडीवाला निघायची घाई करतोय, आणि आणखी दोन हजार द्या नाहीतर कपाट इथेच राहील. दिले. सासूबाईंची चिनीमातीची मोठी बरणी फुटली होती, तिचं कुणाला विचारणार?

कपाट वर आल्यावर ते उचलणारे एक गृहस्थ पायरीवर बसून पाणी पीत होते. पन्नाशीचे असतील. मी जरा रागातच म्हटलं, काका, एवढे पैसे घेता, बरणी तरी सांभाळायची. ते म्हणाले, "बाई, मला दिवसाचे चारशे ठरलेत. तुमच्या दोन हजारातलं मला काही येणार नाही." मी हिशेब करणारी बाई, पण साडेदहा हजारांतून चारशे वजा करायचं मला सुचलं नव्हतं.

त्यानंतर मी हमालांविषयी वाचू लागले. माथाडी म्हणजे माथ्यावर ओझं वाहणारा. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे अण्णासाहेब पाटील मुंबईत असं ओझं वाहणाऱ्यांना संघटित करत होते. इकडे पुण्यात डॉ. बाबा आढावांनी पन्नासच्या दशकात हमाल पंचायत उभी केली, पुढे कष्टाची भाकर केंद्र काढलं. १९६९ला महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याची कल्पना साधी आहे : हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून त्याची मजुरी एका मंडळात जमा करायची, वर लेव्ही घ्यायची आणि त्यातून त्याला भविष्यनिधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी द्यायचं. मंडळावर कामगार, मालक आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी.

एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५चे नियम आहेत. लहान बैलाच्या पाठीवर जास्तीत जास्त १०० किलो, गाढवावर ५०. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि पारा ३७च्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही. जीवदयेच्या आपल्या मंडळांना हे नियम पाठ असतात, असावेतही. पण त्याच वर्षांत मोंढ्यातले हमाल १०० किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढत होते. पोतं ५० किलोचं व्हावं म्हणून त्यांना किती वर्षं भांडावं लागलं! माझ्या सासऱ्यांच्या दुकानासमोर मी ते पाहिलंय, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

दुसरी बाजूही आहे. शहरांत माथाडीचं नाव सांगून घरसामानाची गाडी अडवणारे टोळभैरव आहेतच, त्यांचा माथाड्यांशी संबंध नसतो. केरळमध्ये तर काम न करता नुसतं उभं राहून पैसे घेण्याला 'नोक्कुकूली' असं नावच पडलं होतं. १ मे २०१८पासून सरकारने ती बंद केली.

आता नणंदेला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. आपल्याला हवंय ते जुनं हुंडेभाडंच, पण कागदावर. "सगळं धरून" म्हणजे काय काय, ते त्याच्याकडून लिहून घ्यायचं : पॅकिंगचं सामान, चढवणं, उतरवणं, कितवा मजला, लिफ्ट आहे की नाही, टोल, रिकामी फेरी, पलंग-कपाट खोलून जोडणं. उसाची गाडी काट्यावर भरलेली मोजतात आणि रिकामी मोजतात, घरसामान मात्र नजरेने मोजतात, म्हणून यादी आपणच करायची आणि तिच्यावर त्याची सही घ्यायची. बिल्टी मागायची. २००७च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे नोंदणीकृत वाहतूकदाराची नुकसानीची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहा पटींपर्यंत असते. भाडं सहा हजार, तर साठ हजार. तुमचा फ्रिज, टीव्ही, भांडी मिळून तीन लाखांची असतील तर किंमत आधी लिहून द्या आणि जास्त जोखमीचा दर भरा, किंवा वेगळा विमा घ्या. काही हरवलं-फुटलं तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर दावा चालत नाही. आणि कुणी म्हणालं की ई-वे बिलाचे पैसे पडतील, तर देऊ नका. वापरलेल्या घरसामानाला ते लागतच नाही. जकात तर आपल्या नगरपालिकांतून १९९९लाच गेली.

दागिने आणि कागदपत्रं आपल्या पिशवीत. देवाची प्रतिमा घरातल्या माणसाच्या हातात, सोवळ्यात, सामानाच्या गाडीत नाही. आणि हमालांना जेवण आपण द्यायचं, शिवाय काही वर द्यायचं असेल तर थेट त्यांच्या हातात. ते नऊ-साडेनऊ हजारांत धरू नका.

काल तिचा पुन्हा फोन आला. साडेनऊवाल्याने सगळं लिहून दिलं. मजल्याचं, टोलचं, रिकाम्या फेरीचंही. सहावाला लिहून द्यायला तयार नव्हता. तिची यादी ६३ नगांची झाली, पण त्यात पाटा-वरवंटा नव्हता. "वहिनी, मिक्सर आहे की, इथेच ठेवू का कुणाला तरी?" तो पाटा सासूबाईंचा, १९४४च्या त्या दोन गाड्यांमधून आलेला.

मी म्हटलं, चौसष्टावा नग लिही. आणि पाटा दोघांनी मिळून उचलायचा, हेही लिही.