पॉलिश पेपर आणि इरिडियम

गेल्या रविवारी पार्किंगमध्ये पहिल्यांदाच गाडीचे स्पार्क प्लग बदलायला बसलो. एक कॉइल उपटून प्लग बाहेर काढला, तेवढ्यात बाबा पॉलिश पेपर घेऊन खाली आले. "नवे कशाला? घासून दे."

त्यांच्या स्कूटरच्या डिकीत हा कागद कायम असायचा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, प्लग काळा पडतो. काढा, घासा, किक मारा. मी म्हटलं, "बाबा, हे इरिडियम आहे, घासायचं नसतं." "का?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काम थांबवून वाचत बसलो.

प्लग मोटारगाडीहून जुना निघाला. 1860 मध्ये पॅरिसमध्ये एतियेन लेन्वार यांनी आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली. पुढे डाइमलर यांनी मात्र ठिणगी टाळून बर्नरने लालबुंद केलेली नळी वापरली. पेट्रोलच्या गाडीत उघडी ज्योत! 1902 मध्ये श्टुटगार्टला रॉबर्ट बॉश यांचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी बॅटरीशिवाय चालणारा हाय-व्होल्टेज मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग आणला, तेव्हा हे प्रकरण मिटलं.

पण मला गुंतवलं ते चिनीमातीनं. हजारो व्होल्ट फक्त टोकावरच्या मिलिमीटरभर फटीतून उडावेत, मध्येच कुठे फुटू नयेत, ही जबाबदारी त्या पांढऱ्या नळीची. तीही आगीत तोंड घालून. जपानची एनजीके कंपनी 1936 मध्ये सुरू झाली ती नोरिताके या कपबश्यांच्या घराण्यातूनच. आपण चहा पितो त्या बशीची ही चुलत बहीण.

आणि बाबांचा 'का'? जुन्या प्लगचं निकेलचं टोक जाड असायचं. झिजून ते गोलसर होतं आणि ठिणगी धारदार कडेवरून सहज उडते. म्हणजे घासून बाबा फक्त काजळी काढत नव्हते, कडही परत आणत होते. इरिडियमचं टोक मुळातच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक असतं. तिथे कागद फिरवला की टोकच बिघडणार.

हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे माझं बरोबर होतं." मी हो म्हटलं.

शेवटचा प्लग त्यांनीच बसवला. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आटे मोडायची मला धास्ती होती. त्यांनी पाना बाजूला ठेवला, नुसत्या बोटांनी आधी उलटा, मग सुलटा फिरवला. "लागला," म्हणाले, आणि मग पाना मागितला.