सरकारी कर्मचारी संपावर गेले की लोक नेमके कुणाच्या बाजूने असतात?

मार्च २०२३ चा मधला आठवडा. राज्यात अनेक ठिकाणी अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. काढणीला आलेला गहू आडवा झाला, हरभरा भिजला, द्राक्षबागांचं नुकसान झालं. सरकारी मदत हवी तर पंचनामा हवा. पंचनामा करतात तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. आणि नेमके हेच कर्मचारी त्या आठवड्यात संपावर होते.

'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा देत १४ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रातले सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले होते. संघटनांच्या म्हणण्यानुसार त्यांची संख्या १७ ते १८ लाखांच्या घरात होती. तहसील कार्यालयं ओस पडली, सरकारी रुग्णालयांत परिचारिका आणि चतुर्थ श्रेणी कर्मचारी नसल्याने शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, ऐन परीक्षांच्या हंगामात शिक्षकही संपात होते. सात दिवसांनी, २० मार्चला संप मागे घेतला गेला.

त्या सात दिवसांत घराघरांत, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाद सुरू होता. 'यांना आणखी किती हवं?' असं एक म्हणायचा, तर 'म्हातारपणाची सोय मागितली तर काय चुकलं?' असं दुसरा. हा वाद दर वेळी का होतो आणि त्याला एवढं महत्त्व का?

या संपाचा फटका मालकाला बसत नाही

कारखान्यातला संप समजायला सोपा असतो. यंत्रं थांबली की मालाचं उत्पादन थांबतं, मालकाचं नुकसान होतं आणि तो बोलणी करायला येतो. सरकारी कार्यालयाचं गणित वेगळं आहे. कार्यालय बंद राहिलं म्हणून सरकारचा नफा बुडत नाही. उलट 'काम नाही, तर वेतन नाही' हे धोरण लावलं तर काही दिवसांचा पगारच वाचतो. अडतो तो दाखल्यासाठी आलेला विद्यार्थी, फेरफारासाठी खेटे घालणारा शेतकरी, शस्त्रक्रियेची तारीख मिळालेला रुग्ण.

म्हणजे सरकारवर दबाव येतो तो लोकांमार्फत. लोक सरकारवर चिडले तर संपकऱ्यांचं बळ वाढतं. ते संपकऱ्यांवरच चिडले तर सरकारला घाई राहत नाही. म्हणून अशा संपात दोन्ही बाजू लोकांसमोर आपली बाजू मांडण्यासाठी धडपडतात. सरकार तिजोरीवरच्या बोजाचे आकडे देतं, संघटना निवृत्तीनंतर हातात येणाऱ्या तुटपुंज्या रकमेच्या पावत्या दाखवतात.

कायदा काय म्हणतो?

इथे फारसा संदिग्धपणा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात स्पष्ट केलं, की सरकारी कर्मचाऱ्यांना शांततेने निदर्शनं करण्याचा अधिकार आहे, पण संप करण्याचा मूलभूत अधिकार नाही. पुढे २००३ मध्ये टी. के. रंगराजन विरुद्ध तामिळनाडू सरकार या निकालात न्यायालय आणखी पुढे गेलं. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, वैधानिक किंवा नैतिक असा कोणताच अधिकार नाही, असं त्यात म्हटलं. महाराष्ट्रातले वर्तणूक नियमही संपाला परवानगी देत नाहीत. मार्च २०२३ मध्ये संप सुरू झाला त्याच दिवशी विधिमंडळात मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा परिरक्षण विधेयकही मंजूर झालं.

तरीही संप होतात, आणि बहुतेक वेळा चर्चेनेच मिटतात. लाखो माणसांवर एकाच वेळी कारवाई करणं कागदावर शक्य असलं, तरी त्याची राजकीय किंमत मोठी असते. ती किती मोठी असू शकते, हे तामिळनाडूत दिसलं.

जयललितांनी एका झटक्यात लाखोंना काढलं, पुढे काय झालं?

जुलै २००३ मध्ये तामिळनाडूतले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. तत्कालीन मुख्यमंत्री जे. जयललिता यांनी पावणेदोन लाखांच्या आसपास कर्मचाऱ्यांना थेट बडतर्फ केलं. वर उल्लेख केलेला २००३ चा निकाल याच प्रकरणातला. न्यायालयाने संपाचा अधिकार नाकारला, मात्र बहुतेकांना माफीपत्र घेऊन परत कामावर घेण्याचा मार्गही मोकळा झाला.

त्यानंतर वर्षभरातच, २००४ च्या लोकसभा निवडणुकीत अण्णा द्रमुकला राज्यातल्या ३९ पैकी एकही जागा मिळाली नाही. या पराभवाला एकटा संप कारणीभूत होता असं म्हणणं धाडसाचं ठरेल. विरोधकांची आघाडी भक्कम होती, इतर निर्णयांवरही नाराजी होती. पण निकाल लागल्यानंतर काही दिवसांतच जयललितांनी जे निर्णय मागे घेतले, त्यात कर्मचाऱ्यांवरच्या कारवाईचाही समावेश होता.

लोकांचा राग नेमका कशावर?

मार्च २०२३ च्या संपातला वाद समजून घ्यायचा तर मागणी आधी पाहावी लागेल. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत आलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन लागू नाही. जुन्या योजनेत ढोबळमानाने शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि त्यावर महागाई भत्ता मिळायचा. त्यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून वेगळी कपात नव्हती. नव्या योजनेत कर्मचारी १० टक्के आणि सरकार १४ टक्के भरतं. ही रक्कम बाजारात गुंतवली जाते. निवृत्तीच्या वेळी त्यातली ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात येते आणि उरलेल्या रकमेतून दरमहा वार्षिकी मिळते. ती किती असेल याची आधी हमी नाही.

कर्मचाऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर तक्रार रास्त वाटते. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून तेच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला हमी आहे, दुसऱ्याला नाही. फरक फक्त रुजू होण्याच्या तारखेचा.

पण टेबलाच्या पलीकडे उभा असलेला माणूस तुलना वेगळ्याच गोष्टीशी करतो. खासगी नोकरीतल्या माणसाला भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेतून मिळणारं किमान निवृत्तिवेतन महिन्याला १,००० रुपये आहे. संजय गांधी निराधार योजनेची रक्कम १,००० वरून १,५०० रुपये करण्याची घोषणा झाली ती याच मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात. शेतकऱ्याला तर निवृत्ती हा शब्दच लागू नाही. त्याच दिवसांत कांद्याचे भाव कोसळले म्हणून नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईच्या दिशेने निघाला होता. अशा माणसाला 'आमचं म्हातारपण असुरक्षित आहे' हे वाक्य पगाराची हमी असलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायला कसं वाटत असेल, हे वेगळं सांगायला नको.

त्यात कार्यालयांतला रोजचा अनुभव मिसळतो. 'साहेब मीटिंगला गेलेत', 'उद्या या', 'सर्व्हर डाउन आहे' ही वाक्यं ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकली, ते संपाच्या दिवशी मागणीचा तपशील वाचत नाहीत. जुना हिशेब चुकता करतात. संघटनांना हे अन्यायकारक वाटतं आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. राज्य सरकारच्या सेवेत दोन लाखांहून अधिक पदं रिक्त होती, एकेका तलाठ्याकडे अनेक गावांचा कारभार होता. कामाच्या विलंबाचं खापर नेहमी खिडकीत बसलेल्या माणसावर फुटतं, ज्यांनी भरती थांबवली त्यांच्यावर नाही.

विरोधही त्यांचाच, अर्जही त्यांचेच

संपाच्या काळात कोल्हापुरात सुशिक्षित बेरोजगारांनी जुन्या पेन्शनच्या विरोधात मोर्चा काढला. निम्म्या पगारात काम करायला आम्ही तयार आहोत, असा त्यांचा सूर होता. समाजमाध्यमांवरही ही भावना जोरात होती.

त्याच वर्षी तलाठी भरती निघाली. सुमारे साडेचार हजार जागा होत्या, अर्ज आले दहा लाखांहून जास्त. म्हणजे सरकारी नोकरीतल्या सुरक्षिततेवर राग आहे आणि तीच सुरक्षितता आपल्याही वाट्याला यावी ही इच्छाही आहे. बऱ्याच घरांत तर दोन्ही भावना एकाच जेवणाच्या पंगतीत बसतात. एक भाऊ जिल्हा परिषदेत शिक्षक, दुसरा शेतीत, तिसरा पुण्यात एमपीएससीची तयारी करतोय. या घराचं जनमत कोणत्या बाजूला मोजायचं?

मग सगळ्याच संपांना विरोध होतो का?

नाही. २०२१-२२ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांचा विलीनीकरणासाठीचा संप पाच महिन्यांहून जास्त चालला. एसटी कर्मचारी महामंडळाचे, थेट सरकारचे नाहीत. तीच त्यांची तक्रार होती. ग्रामीण भागाची जीवनवाहिनी बंद पडली, शाळकरी मुलींचे हाल झाले. तरीही चालक-वाहकांचे तुटपुंजे पगार आणि कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांमुळे दीर्घकाळ सहानुभूती टिकून राहिली. एप्रिल २०२२ मध्ये शरद पवार यांच्या निवासस्थानी झालेल्या आक्रमक आंदोलनानंतर मात्र चित्र बदललं.

अंगणवाडी सेविकांचंही तसंच. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये करण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या आणि तो पन्नासहून अधिक दिवस चालला. लहान मुलांच्या पोषण आहारावर परिणाम होऊनही त्यांच्याविरुद्ध मोर्चे निघाले नाहीत. संप करणारा आपल्यापेक्षा वर आहे की खाली, याकडे लोकांचं लक्ष पटकन जातं. संपामुळे किती त्रास झाला, हा हिशेब बहुधा त्यानंतरचा.

एक मुद्दा मात्र संपाच्या समर्थकांना आणि विरोधकांना सारखाच पटतो, तो म्हणजे आमदारांचं निवृत्तिवेतन. एकदा निवडून आलेल्या माजी आमदाराला महाराष्ट्रात महिन्याला किमान ५० हजार रुपये मिळतात. 'तिजोरी रिकामी होईल' असं लोकप्रतिनिधी म्हणाले, की हा आकडा हमखास पुढे येतो, आणि त्याला पटणारं उत्तर आजवर कुठल्याच पक्षाने दिलेलं नाही.

सरकारचं मत कशाने बदललं?

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी योजना पुन्हा लागू करणार नसल्याचं सांगितलं. त्यामुळे १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. २००५ नंतर रुजू झालेले बहुतेक जण २०३० नंतरच निवृत्त होणार, त्यामुळे आजच्या तिजोरीवर भार पडत नाही, हा त्यावरचा प्रतिवाद. दोन्ही बाजूंत खरेपणा आहे. बोजा आजचा नाही, पण येणार नक्की आहे. आणि पगार, निवृत्तिवेतन व कर्जावरचं व्याज यांतच राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून अधिक वाटा आधीच जातो.

त्यानंतर दोनच महिन्यांत, फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजपचा पाठिंबा असलेले तत्कालीन आमदार नागो गाणार पराभूत झाले. जुनी पेन्शन हा तिथला प्रमुख मुद्दा होता. अर्थात तिथे मतदारच शिक्षक होते, सर्वसाधारण जनता नव्हे. हिमाचल प्रदेशात डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेस सत्तेवर आली, त्यातही या आश्वासनाचा वाटा मानला गेला. पण हिमाचलमध्ये मतदार ५५ लाखांच्या आसपास, तर महाराष्ट्रात नऊ कोटींहून अधिक. कुटुंबं धरली तरी कर्मचाऱ्यांच्या मतांचं वजन दोन्हीकडे सारखं नाही.

मार्चचा संप मिटवताना तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आर्थिक व सामाजिक सुरक्षेच्या तत्त्वाला मान्यता दिल्याचं सांगितलं. सुबोधकुमार, के. पी. बक्षी आणि सुधीरकुमार श्रीवास्तव या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती हे सगळं तपासत होती. १४ डिसेंबर २०२३ ला पुन्हा संपाची हाक दिली गेली, तो आश्वासनानंतर लगेचच स्थगित झाला. १४ डिसेंबर ही तारीख जुन्या कर्मचाऱ्यांच्या चांगली लक्षात आहे. १९७७ मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालचा ५४ दिवसांचा संप याच दिवशी सुरू झाला होता.

जानेवारी २०२४ मध्ये ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती पण जे नंतर रुजू झाले, अशा सुमारे २६ हजार जणांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. मग २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली. २५ वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी त्यात आहे, पण कर्मचाऱ्याची १० टक्के कपातही सुरूच राहते. दुसऱ्याच दिवशी, २५ ऑगस्टला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. असा निर्णय घेणारं हे पहिलं राज्य ठरलं. विधानसभा निवडणूक तेव्हा तीन महिन्यांवर होती.