मेघाचा ध्रुवनिर्णय : सिम्पसन-विल्सन वादाचा इतिहास

मराठीत वीज 'पडते', 'कोसळते', 'चमकते' व 'कडाडते'. पैकी पहिली दोन क्रियापदे दिशा सांगतात, उरलेली दोन अनुक्रमे रूप व नाद सांगतात. संस्कृत 'विद्युत्' या शब्दाच्या धातूतही केवळ प्रकाशणे आहे. प्राकृत 'विज्जु'मधून 'वीज' मराठीत उतरली तेव्हा तिच्यासोबत हाच अर्थ आला. पुढे घरोघरी तारांतून खेळणाऱ्या शक्तीलाही मराठीने तेच नाव दिले. त्यामुळे आकाशातील वीज व तारेतील वीज एकच होय, ही गोष्ट मराठी भाषकाला शब्दातच मिळते; तिला पुराव्याची गरज होती, हे त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. युरोपात या दोन वस्तूंची नावे भिन्न होती. त्यांचे ऐक्य अठराव्या शतकात प्रयोगाने सिद्ध करावे लागले, आणि ते सिद्ध होताच एक दुसरा प्रश्न उभा राहिला : विजेच्या मेघात धन भार कोठे असतो व ऋण भार कोठे? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास जवळजवळ दोनशे वर्षे लागली. ते उत्तर कसे मिळाले याचा वृत्तान्त वैज्ञानिक प्रमाणाच्या स्वरूपावर प्रकाश टाकणारा आहे.

बेंजामिन फ्रँकलिन याने 1750 मध्ये उंच जागी टोकदार लोखंडी दांडा उभारून मेघातील विद्युत् खाली आणण्याची योजना सुचविली. फ्रान्समध्ये दालिबार याच्या व्यवस्थेने 10 मे 1752 रोजी मार्ली येथे ती प्रथम यशस्वी झाली. फ्रँकलिनचा पतंगाचा प्रसिद्ध प्रयोग त्याच वर्षातील आहे. पुढील वर्षी, 6 ऑगस्ट 1753 रोजी, सेंट पीटर्सबर्ग येथे गेओर्ग रिखमान हा प्राध्यापक असाच दांडा घेऊन विद्युत् मोजण्याच्या प्रयत्नात असताना आघाताने मृत्यू पावला. त्याचा दांडा जमिनीशी जोडलेला नव्हता. मेघविद्युत् केवळ पाहू नये, तर मोजावी, या आकांक्षेचा हा पहिला बळी म्हणावा लागेल.

फ्रँकलिन मात्र ऐक्य सिद्ध करून थांबला नाही. 1753 मध्ये आपल्या घरावरील दांड्याच्या साहाय्याने त्याने मेघांच्या भाराचे चिन्ह तपासले आणि गर्जणारे मेघ बहुतेक वेळा ऋण, परंतु क्वचित् धनही असतात, असा निष्कर्ष काढला. त्याच्या मते विद्युत् हा एकच द्रव होता व ऋण म्हणजे त्या द्रवाची उणीव. तेव्हा मेघ ऋण असेल तर द्रव पृथ्वीकडून मेघाकडे जात असला पाहिजे; अर्थात् बहुधा मेघ पृथ्वीवर आघात करीत नसून पृथ्वीच मेघावर आघात करते, असे त्याने लिहिले. वीज 'पडते' या सार्वत्रिक समजुतीला दिलेला हा पहिला शास्त्रीय धक्का होय.

यानंतर सुमारे दीड शतक या प्रश्नात मोठी भर पडली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) याने सूक्ष्म विद्युत्मापक व जलबिंदूंच्या धारेने वातावरणाचे विभव मोजण्याची युक्ती दिली. 1892 मध्ये फिलिप लेनार्ड याने धबधब्यांजवळील हवेचा अभ्यास करून दाखविले की, पाणी फुटून उडते तेव्हा थेंब धन होतात व भोवतालची हवा ऋण होते. या शोधाचा उपयोग पुढे ज्याने केला, त्याचे कार्यक्षेत्र भारत होते.

जॉर्ज क्लार्क सिम्पसन हे 1906 मध्ये भारतीय हवामानखात्यात आले. सिमला सुमारे 2,200 मीटर उंचीवर आहे; तेथे त्यांनी 1908 च्या पावसाळ्यात स्वयंलेखी उपकरण बसवून पडणाऱ्या पावसाचा भार नोंदविला. पावसातून खाली येणारी धन विद्युत् ऋण विद्युतेपेक्षा बरीच अधिक आढळली. प्रयोगशाळेत त्यांनी हवेच्या ऊर्ध्वगामी झोतावर थेंब फोडून लेनार्डचे निरीक्षण पडताळले. 1909 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधातील विचार थोडक्यात असा : गर्जन्मेघात हवेचा जोरदार प्रवाह वर चढतो, त्या प्रवाहात मोठे थेंब टिकत नाहीत, ते फुटतात, फुटलेले थेंब धन होऊन खालच्या भागात साठतात व ऋण भार हवेबरोबर वर जातो. म्हणजे मेघाचा तळ धन व माथा ऋण. या उपपत्तीत कारण, यंत्रणा व परिणाम यांची साखळी पूर्ण होती आणि प्रत्यक्ष मोजमापांचा आधारही होता.

दुसरा पक्ष स्कॉटलंडमधील चार्ल्स टॉमसन रीस विल्सन यांचा. 1894 मध्ये बेन नेव्हिसच्या शिखरावरील वेधशाळेत काही दिवस काम करताना पाहिलेल्या मेघदृश्यांतून त्यांच्या मनात मेघकोठीची कल्पना उगवली, आणि तिच्यासाठी त्यांना 1927 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी, 1895 मध्ये, त्याच भागातील एका डोंगरावर असताना एकाएकी त्यांचे केस उभे राहिले. मेघाचे विद्युत्क्षेत्र त्यांनी अशा रीतीने स्वतःच्या देहावर अनुभवले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी केंब्रिजजवळ दुरून जाणाऱ्या वादळांचे क्षेत्र व प्रत्येक विजेबरोबर त्यात होणारा आकस्मिक बदल मोजला. त्यांचे या विषयावरील प्रबंध 1916 व 1920 मध्ये आले. एका विजेत सरासरीने सुमारे 20 कुलंब भार नष्ट होतो, असा त्यांचा अंदाज होता.

विल्सन यांच्या पद्धतीचे मर्म अंतरात आहे. एकावर एक असे दोन विरुद्ध भार आकाशात असतील, तर मेघाखाली उभ्या असलेल्या निरीक्षकावर जवळच्या, म्हणजे खालच्या भाराचा प्रभाव अधिक पडतो. दूरच्या निरीक्षकावर मात्र वरच्या भाराचा प्रभाव अधिक पडतो. तेव्हा वादळ जवळ येताना जमिनीवरील क्षेत्राचे चिन्ह पालटले पाहिजे, आणि ते कोणत्या दिशेने पालटते यावरून माथा व तळ यांचे भार ओळखता आले पाहिजेत. विल्सन यांचा निर्णय सिम्पसन यांच्या नेमका उलट होता : माथा धन, तळ ऋण.

दोघांच्या मोजमापांत चूक नव्हती, ही या वादाची खरी अडचण होती. एकाने पाऊस मोजला, दुसऱ्याने क्षेत्र मोजले. पण दोघेही जमिनीवरून मोजत होते व मेघाच्या अंतरंगाविषयी अनुमान करीत होते. सिम्पसन यांनी 1926 मध्ये आपल्या बाजूने आणखी एक पुरावा मांडला. प्रयोगशाळेतील ठिणग्यांवरून त्यांना वाटत होते की, विसर्जनाची वाढ धन टोकाकडून होते व त्याच्या फांद्या धन भारापासून दूर पसरतात. विजेच्या छायाचित्रांत बहुतेक फांद्या खाली वळलेल्या दिसतात. त्यावरून मेघाचा तळ धन ठरत होता. युक्तिवाद तर्कशुद्ध होता. प्रयोगशाळेतील आखूड ठिणगीचा नियम कित्येक किलोमीटर लांबीच्या विजेलाही लागू पडतो, हे त्यातील गृहीतक मात्र तपासलेले नव्हते.

ते गृहीतक दक्षिण आफ्रिकेत कोसळले. बेसिल शॉनलँड यांनी क्रेब यांच्यासह तेथील वादळांचे क्षेत्र मोजून 1927 मध्ये जाहीर केले की, निरीक्षणे विल्सन यांच्या बाजूने आहेत. नंतर त्यांनी जोहान्सबर्ग परिसरात चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी योजलेल्या फिरत्या भिंगांच्या कॅमेऱ्याने विजेची काळानुक्रमे चित्रे घेतली. त्यांचे फलित 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागले. त्यांतून दिसले ते असे : मेघातून प्रथम एक क्षीण अग्रगामी प्रवाह निघतो. तो सलग न येता साधारण पन्नास-पन्नास मीटरांच्या पायऱ्यांनी उतरतो, आणि दोन पायऱ्यांमध्ये सुमारे 50 मायक्रोसेकंद थांबतो. तो ऋण असूनही त्याला खाली वळलेल्या फांद्या फुटतात. तो जमिनीजवळ पोचला की जमिनीवरील उंच वस्तूंतून त्याला भेटण्यास प्रवाह वर निघतात, आणि भेट होताच त्या सिद्ध झालेल्या मार्गाने परतीचा आघात प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे तृतीयांश वेगाने वर चढतो. डोळ्यांना दिसते ती लख्ख रेषा व कानांना ऐकू येतो तो कडकडाट या परतीच्या आघाताचा होय. त्यातील प्रवाहाचे शिखर सामान्यतः 30,000 अँपियरच्या आसपास असते. मार्गातील हवा सुमारे 30,000 अंश तापते व तिच्या स्फोटक प्रसरणाने ध्वनी उत्पन्न होतो. थोडक्यात, वीज उतरतेही व चढतेही. परंतु जी दिसते ती चढणारी. फ्रँकलिनचे भाकीत वेगळ्या अर्थाने खरे ठरले, आणि 'पडणे' हे क्रियापदही सर्वस्वी असत्य ठरले नाही. ते न दिसणाऱ्या अर्ध्याचे वर्णन करते, इतकेच.

तरीही मेघाचे अंतरंग अजून कोणी मोजलेले नव्हते. ते काम खुद्द सिम्पसन यांनी हाती घेतले, ही या इतिहासातील सर्वांत उल्लेखनीय गोष्ट. 1920 ते 1938 या काळात ते ब्रिटिश हवामानखात्याचे प्रमुख होते. स्क्रेस यांच्यासह त्यांनी क्यू वेधशाळेतून गर्जन्मेघांत फुगे सोडले. फुग्यासोबतचे उपकरण अगदी साधे होते : हवेतून जाणारा अल्प विद्युत्प्रवाह रसायनात भिजविलेल्या कागदावर डाग पाडी, आणि डाग कोणत्या बाजूस पडला यावरून क्षेत्राची दिशा समजे. 1937 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात त्यांनी मान्य केले की, मेघाचा माथा धन व त्याखालील भाग ऋण असतो. मात्र तळाजवळ पुष्कळदा धन भाराचा एक लहान गोळाही आढळला. सिमल्यास त्यांच्या उपकरणात उतरलेल्या धन पावसाचा उलगडा या खालच्या भारातून होऊ शकतो. म्हणजे 1909 चे मोजमाप खोटे नव्हते. अंशाला संपूर्ण मानणे ही चूक होती. अठ्ठावीस वर्षे ज्या मताचे समर्थन केले, ते ज्या पुराव्याने पडले तो पुरावा समर्थकानेच गोळा करावा व प्रसिद्ध करावा, हे विज्ञानातही नित्य घडत नाही.

या शोधाने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. मुख्य ऋण भाराचा पट्टा गोठणबिंदूच्या पुष्कळ वर, सामान्यतः उणे 10 ते उणे 25 अंश सेल्सियस तपमानाच्या थरात असतो. तेथे द्रवरूप थेंबांच्या फुटण्यावर सर्व भिस्त ठेवता येत नाही; तेथे हिमाचे राज्य असते. रेनॉल्ड्स, ब्रूक व गुर्ले यांनी 1957 मध्ये प्रयोगशाळेत दाखविले की, अतिशीत जलकणांच्या सान्निध्यात मऊ गारा व हिमस्फटिक एकमेकांवर आपटून दूर झाले म्हणजे त्यांवर विरुद्ध भार येतात. ताकाहाशी यांच्या 1978 च्या प्रयोगांनी यास आणखी एक अंग जोडले : गारेवर येणाऱ्या भाराचे चिन्ह तपमान व जलांश यांवर अवलंबून असते. थंड थरात गार ऋण होते व जड असल्याने खाली राहते. हलके स्फटिक धन भार घेऊन प्रवाहासोबत माथ्याकडे जातात. तुलनेने उष्ण अशा खालच्या थरात चिन्ह उलटते, आणि तळाजवळच्या धन भाराचा एक संभाव्य उगम तेथे दिसतो.

विल्सन यांचा विजयही पूर्ण नव्हता. आयन निवडून पकडणाऱ्या थेंबांची त्यांची 1929 ची यंत्रणा आज मुख्य कारण मानली जात नाही. उलट 1925 मध्ये त्यांनी मांडलेल्या दोन कल्पना दीर्घकाळ दुर्लक्षित राहून खऱ्या ठरण्याच्या मार्गास लागल्या. मेघाच्या माथ्यावर, विरळ हवेत, विसर्जन होऊ शकेल असे त्यांनी म्हटले होते. 1989 मध्ये अमेरिकेत अशा प्रकाशाचे चित्र प्रथम यंत्राने टिपले गेले. प्रबळ क्षेत्रात वेगवान इलेक्ट्रॉन अनिरुद्ध धावू लागतील, ही त्यांची दुसरी कल्पना. मेघात मोजलेले क्षेत्र हवा फोडण्यास लागणाऱ्या क्षेत्राच्या सुमारे दशांशच भरते. मग ठिणगी सुरू कशी होते, या आजही न सुटलेल्या कोड्याच्या विवेचनात गुरेविच व सहकाऱ्यांनी 1992 मध्ये ती कल्पना विश्वकिरणांशी जोडून पुढे नेली.

या परंपरेशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. 1826 मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एस. के. बॅनर्जी यांनी माथ्यावरून जाणाऱ्या गर्जन्मेघांच्या क्षेत्राची नोंद घेतली व ती 1930 मध्ये, म्हणजे वाद ऐन भरात असताना, प्रसिद्ध केली. 1962 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने पुढे विजेच्या आघातांची स्थाने टिपणारी यंत्रणा उभारली आणि 'दामिनी' या नावाने इशारा देणारी सोय जनतेस उपलब्ध करून दिली. शेतात झाडाखाली आडोसा घेणाऱ्या माणसाला मेघाचा ध्रुव ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. परंतु त्याला वेळीच मिळणारा इशारा सिमल्याच्या पर्जन्यमापनापासून क्यूच्या फुग्यापर्यंत चाललेल्या त्या वादाचा दूरचा वारस आहे.

वादाचा निर्णय कोणत्याही एका पक्षाच्या युक्तिवादाने झाला नाही. उपकरण जमिनीवरून उचलून मेघात पाठविले तेव्हा तो झाला, आणि तेव्हा दोन्ही पक्षांची मोजमापे शाबूत राहून दोन्ही उपपत्ती अपुऱ्या ठरल्या. निरीक्षण कोठे उभे राहून केले, हा प्रश्न निरीक्षणात काय दिसले या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा असतो. मेघाच्या ध्रुवनिर्णयाचा इतिहास हेच शिकवितो.