जंगल कुणाचे, आग कुणाची?

‘वणवा’ हा शब्द आपण मराठीत विरहापासून क्रांतीपर्यंत कशालाही वापरतो. खऱ्या वणव्याशी मात्र शहरी माणसाचा संबंध फक्त बातमीपुरता उरला आहे. मी नोएडात राहतो. एप्रिल-मे उजाडला की इथल्या वर्तमानपत्रांत कुमाऊँ-गढवालची जंगले पेटल्याच्या बातम्या येतात आणि दरवर्षी तोच प्रश्न विचारला जातो: सरकार काय करते आहे? इतिहास पाहता त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा, असे मला वाटते: ते जंगल गावाला आपले वाटते का?

नोएडा १९७६ साली वसले, तेव्हा अल्मोडा आणि नैनीताल याच उत्तर प्रदेशात होते. ९ नोव्हेंबर २००० रोजी उत्तराखंड वेगळे झाले. या डोंगरांतली बरीचशी जंगले इंग्रजांनी १९११ ते १९१७ या काळात राखीव केली. तिथले गावकरी पूर्वीपासून चीड या सूचिपर्णी झाडांखालचा वाळला पाचोळा ठरावीक वेळी जाळत, म्हणजे गुरांना कोवळे गवत मिळे. नव्या नियमांनी त्यावर आणि चराई, लाकूडफाट्यावरही बंधने आली. साहेबांचे सामान फुकट वाहण्याची बेगार तर होतीच. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वरच्या उत्तरायणी जत्रेत लोकांनी बेगारीच्या वह्या सरयू नदीत फेकल्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात राखीव जंगले पेटली.

रामचंद्र गुहा यांनी या आगींचा अभ्यास करून एक गोष्ट दाखवून दिली आहे. जळाली ती मुख्यतः सरकारने व्यापारासाठी राखलेली चीडची जंगले. गावाला चारा-सरपण देणारी रुंद पानांची जंगले लोकांनी वाचवली. जंगलात हक्क असलेल्याने आग विझवायला मदत केलीच पाहिजे, असे कायदा तेव्हाही सांगत होता आणि १९२७ च्या वन अधिनियमाचे कलम ७९ आजही सांगते. पण परक्याच्या जंगलासाठी धावायला माणसे कलमाने तयार होत नाहीत. सरकारलाही हे उमगले असावे. १९२१ मध्येच लोकांच्या तक्रारी ऐकायला समिती नेमली गेली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले.

त्याच अल्मोडा जिल्ह्यात शीतलाखेतच्या आसपासच्या गावांनी अलीकडे एक साधी शिस्त घालून घेतली आहे. शेताच्या बांधावरची झुडपे-काटक्या, म्हणजे तिथल्या भाषेत ‘ओण’, ३१ मार्चच्या आत जाळून संपवायची. पुढे ऊन वाढते, वारा सुटतो, चीडच्या सुयांचा थर वाळतो आणि शेतातली ठिणगी जंगलात जाते. म्हणून १ एप्रिल हा ‘ओण दिवस’. आग लागलीच तर ती विझवायला गावच्या बायका सर्वांत पुढे असतात.

आपल्याकडचे उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचे. २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली या गावाला सुमारे १००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून झुडपे छाटतात, जंगलात आगही लावतात. पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच थांबवले. हाती येणारा पैसा सोडून गावाने बांबूवर भर दिला. वन विभागाच्या जाळरेषेइतकाच, किंबहुना अधिक, उपयोग अशा निर्णयाचा होतो. कारण ती आग मुळात लागतच नाही.

या सगळ्याला माणसे मात्र लागतात. नोएडातल्या सोसायट्यांच्या फाटकांवर, हॉटेलांच्या भटारखान्यांत, गाड्यांच्या चाकांमागे कुमाऊँ-गढवालचे कितीतरी तरुण आहेत. ज्या हातांनी ओण जाळायची, बांध साफ करायचे, ते हात इथे आहेत. १३ जून २०२४ रोजी बिनसर अभयारण्यात आग विझवताना वन विभागाच्या चार कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन येतात ती आग पसरल्यावर. उपग्रह आग टिपतात, देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून मोबाइलवर इशारा जातो. तो वाचून डोंगर चढणारे कोणी गावात हवे. तेव्हा मे महिन्यात किती जंगल जळाले हे मोजण्यापूर्वी फेब्रुवारीतल्या गावसभेला किती माणसे हजर होती, हे मोजायला हवे.